शून्य नंबरचं घर

भांडी कोणी घासायची यावरून माझं आणि माझ्या रूममेटचं चेन्नईतल्या पहिल्याच आठवड्यात वाजलं. ती नाशिकची, मी सांगलीची. ती इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासायची, मी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आलेल्या दोन बायका एका सिंकपाशी किती वेळ गुण्यागोविंदाने नांदणार? शेवटी मी फोन काढला आणि इंटरनेटवरची एक साइट उघडली. एका चौकटीत किमान आकडा लिहायचा, दुसऱ्या चौकटीत कमाल, आणि खालचं हिरवं बटण दाबायचं. त्या दोन्हींच्या दरम्यानचा कुठला तरी एक आकडा पडतो. का पडला ते विचारायचं नाही. एक आला तर ती घासणार, दोन आला तर मी.

दोन आला. मी म्हटलं, ही ट्रायल होती. पुन्हा दाबलं, पुन्हा दोन. मी म्हटलं, साइट गरम व्हायला जरा वेळ लागतो. तिसऱ्यांदा एक आला तेव्हा मी जाहीर केलं की हा खरा. रूममेटने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्या दिवसापासून घरात नियम झाला की बटण ती दाबणार.

मला निर्णय घेता येत नाहीत, हे एकदा इथे कबूल करून टाकते. हॉटेलात मेन्यू हातात आला की मला घाम फुटतो. त्यामुळे ते हिरवं बटण मला देवासारखं भेटलं. सकाळी कुठला कुर्ता घालायचा, हपिसातून येताना बस की शेअर ऑटो, रविवारी नाश्त्याला पोंगल की पेसरट्टू, सगळं मी आकड्यांवर सोपवलं. आईने पाठवलेल्या पाच स्थळांपैकी आधी कोणाशी बोलायचं तेसुद्धा. (चार नंबरशी बोलले. त्याने पहिल्याच फोनवर मला माझी पाच वर्षांनंतरची योजना विचारली. मी त्याला साइटची लिंक पाठवली.) आईला यातलं काही माहीत नाही आणि तिने हे वाचू नये अशी इच्छा आहे.

पण या बटणाचा खरा उपयोग मला टी. नगरच्या साडीच्या दुकानात कळला. मावसबहिणीच्या लग्नासाठी साडी घ्यायची होती. विक्रेत्याने तीसेक साड्या उलगडून समोर डोंगर केला, आणि मी नेहमीप्रमाणे गारठले. मग फोन काढला, एक ते तीस. सतरा आला. सतरावी साडी जांभळी होती, आणि ती उचलताना मला चक्क वाईट वाटलं. का वाटलं? कारण मला ती मोरपंखी हवी होती, आणि हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी पुन्हा दाबलं. पाच. पुन्हा. अठ्ठावीस. विक्रेता आता माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होता आणि त्याला रस यायला लागला होता. "इन्नोरु तडवै, मॅडम," आणखी एकदा, असं म्हणत तो मला चढवत राहिला. मोरपंखीचा आकडा अकराव्या वेळी आला तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या दोन बायकांनीही टाळ्या वाजवल्या. रूममेटने ही हकिकत पुढे वर्षभर येईल त्याला ऐकवली. त्यामुळे मी हवा तो आकडा येईपर्यंत दाबत राहते, अशी माझी ख्याती झाली.

आम्ही राहायचो तिरुवान्मियूरमधल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये. तीन मजले, मजल्यावर चार-चार घरं, आणि तळमजल्यावर पार्किंगला लागून एकच घर. त्या घरात मामी राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना मामी म्हणायची, म्हणून आम्हीही. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता, पण घरात मराठी टिकली होती. आम्ही दोघी जिन्यात भांडताना त्यांच्या कानावर पडलो आणि त्या दार उघडून बाहेर आल्या.

"कोठल्या गे तुम्ही? मराठीत भांडतात!" त्या इतक्या खूश होऊन म्हणाल्या की आम्हाला भांडण आवरतं घ्यावं लागलं.

मामींची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं, मग लाज वाटायची. जेवण 'जालं' का, 'अस्कं' खा, म्हणजे सगळं संपव. वाक्याचा शेवट तमिळसारखा वर जायचा. पोस्टात कारकून म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. माझ्या जोडाक्षरं गिळायच्या सवयीवर त्या नाक मुरडायच्या आणि मी त्यांच्या फिल्टर कॉफीवर टपून असायचे. असा आमचा व्यवहार होता.

मामींचे यजमान आम्ही राहायला येण्याच्या वर्षभर आधीपर्यंत बिल्डिंगचे सेक्रेटरी होते. नंतर मूत्रपिंडाच्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि आम्ही आल्यावर थोड्याच दिवसांत, जूनच्या शेवटी गेले. मामी त्यांचं नाव घेत नसत. "आमचे हे" म्हणायच्या, आणि म्हणताना खिडकीकडे बघायच्या. खिडकीबाहेर आवारातलं आंब्याचं झाड होतं. ते यजमानांनीच लावलेलं. फळ म्हणजे किळिमूक्कु, पोपटाच्या चोचीसारखी लांब, वाकडी कैरी. इथल्या समुद्रकिनाऱ्यावर ती उभी चिरून मीठ-तिखट लावून विकतात. आमच्या झाडाची कैरी आंबट, करकरीत, आणि बिल्डिंगच्या मते अख्ख्या चेन्नईत सरस.

यजमान हिंडते-फिरते होते तोवर कैऱ्या ते स्वतः वाटत. टोपली घेऊन तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात, तिथून उतरत खाली, आणि आपलं घर सगळ्यांत शेवटी. उरलं तर. कोणाची कधी तक्रार नव्हती. ते गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र बिल्डिंगने आपले खरे गुण दाखवले. पहाटे साडेपाचला कोणीतरी काठी घेऊन खाली उतरायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याने फांदी आपल्या बाल्कनीत येते म्हणून तिच्यावर हक्क सांगितला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे सार (म्हणजे सर) म्हणत, त्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर इंग्रजीत लांबलचक निवेदनं टाकली. शेवटी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली गेली आणि झाड तोडून टाकू इथपर्यंत गोष्ट आली.

मामी कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. झाड तोडायची भाषा निघाली तशी त्यांनी पदर तोंडाला लावला. मी भाडेकरू, मला त्या मीटिंगमध्ये बोलायचा काडीचा अधिकार नव्हता. तरी उभी राहिले आणि म्हणाले, "सार, दर दिवसाआड एक आकडा काढू. ज्या घराचा आकडा, त्या दिवशीच्या कैऱ्या त्या घराच्या. मशीनला कोणी नातेवाईक नसतो."

हे शेवटचं वाक्य मला अजून लागतं.

कल्पना सगळ्यांना आवडली. सारांनी मला "टेक्निकल पर्सन" म्हणून गौरवलं. मी त्याच दिवशी घरांची यादी करून नोटीस बोर्डावर लावली. सॉफ्टवेअरवाले मोजणी शून्यापासून सुरू करतात. पहिली वस्तू शून्यावी, दुसरी पहिली, असं आमचं उफराटं गणित. त्यातून तळमजला म्हणजे शून्यच. म्हणून मामींचं घर शून्य, पहिल्या मजल्यावरची एक ते चार, अशी वर चढत सारांचं घर बारा. एकूण घरं तेरा. यादी फार देखणी झाली होती.

मग दर दिवसाआड सकाळी सातला चहा पिता पिता मी साइट उघडायचे. ती आपणहून एक ते शंभर असं दाखवायची. मी शंभर खोडून बारा करायचे, बटण दाबायचे आणि आलेला आकडा ग्रुपवर टाकायचे. या कामात मी एकदाही दुसऱ्यांदा बटण दाबलं नाही, हे शपथेवर सांगते. वॉचमन जाळीच्या काठीने कैऱ्या उतरवून त्या घरी पोचवायचा. भांडणं थांबली. बाल्कनीवाल्या जोडप्याने मला इडल्या पाठवल्या. मी बिल्डिंगमध्ये मान वर करून चालायला लागले.

सारांचा आकडा पाच वेळा आला. पुढे पुढे बारा आला की ग्रुपवर हसण्याचा पूर यायचा. सार लिहायचे, "लॉ ऑफ लार्ज नंबर्स." सगळ्यांचं लक्ष सारांच्या नशिबाकडे लागलेलं असल्यामुळे तळमजल्याकडे कोणी पाहिलं नाही. माझं लक्ष गेलं, पण कॉफीच्या निमित्ताने.

"मामी, तुमचा नंबर अजून आलाच नाही," मी एकदा म्हणाले.

"आमची पाळी शेवटीच असते," मामी शांतपणे म्हणाल्या. "यांची तशी पद्धत. यंत्रालाही ठाऊक दिसतं."

मेच्या शेवटी मात्र त्या बदलल्या. झाड रिकामं होत चाललं होतं. मी कॉफीला गेले की त्या आधी विचारायच्या, "आज कोणाचा गे?" आणि मी आकडा सांगितला की "सरि", म्हणजे बरं, म्हणून उठायच्या. एकदा आमचाच आकडा, सात, आला. मी त्यातल्या चार कैऱ्या घेऊन खाली गेले. मामींनी हातही लावला नाही. "दुसऱ्याच्या पाळीचं नको," म्हणाल्या. मला राग आला. एवढं काय सोवळं, असं वाटलं. मी त्यांना तिथेच पायरीवर बसून समजावलं की वीस वेळा आकडा काढला आणि तेरा घरांतलं एक राहून गेलं, तर त्यात अजब काही नाही. संभाव्यता अशीच असते. नशिबाचा संबंध नाही, रागालोभाचा नाही. मी छान समजावते असं मला हपिसातही सांगतात.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "राग आहे गे. तुला ठाऊक नाही."

मग त्यांनी सांगितलं. मागल्या उन्हाळ्यात यजमान त्या खिडकीपाशीच पडून असायचे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, फळं बंद केली होती. आणि समोर झाड कैऱ्यांनी वाकलेलं. ते रोज म्हणायचे, एक फोड दे, मीठ-तिखट लावून, एकच. मामी रोज नाही म्हणायच्या. त्यांच्या हाती होतं तेवढं सगळं त्यांनी केलं, पथ्य एक दिवस मोडू दिलं नाही. आणि जूनच्या शेवटी ते गेलेच.

"मी दिलं नाही," मामी म्हणाल्या. "आता ते देईनात. अस्क्यांना देतात, मलाच देईनात."

जूनच्या शेवटी वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी यजमानांच्या पानावर याच झाडाची कैरी वाढायची, मीठ-तिखट लावून, असं मामींनी ठरवलं होतं. पण ती आपल्या पाळीची हवी, त्यांनी दिलेली. म्हणून त्या रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढचा दिवा झाल्यावर झाडापाशी जाऊन उभ्या राहायच्या. मी वरून पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं की त्या पाय मोकळे करतात. त्या माफी मागत होत्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि "असं नसतं मामी" म्हणाले. वर जाऊन रूममेटला सांगितलं. तिलाही भरून आलं. मग आम्ही दोघींनी तो आठवडाभर, मनातल्या मनात, शून्य येऊ दे म्हणून त्या साइटची करुणा भाकली. दोन शिकल्यासवरल्या बायका.

शून्य येणार कुठून?

हे मला कळलं ते एका बुधवारी, हपिसात, दुपारी जेवणानंतर. आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी होती, तिने एक फॉर्म लिहिला होता. मी तो तपासला आणि तिला बोलावून चारचौघांत तिची खरडपट्टी काढायला लागले. मला तेव्हा तशी खोड होती. "वरची मर्यादा तपासलीस, आणि खालची? किमान मूल्य कोण बघणार? शून्य टाकून बघितलंस का? शून्य बाहेरच राहिलं की तुझं! पहिल्या दिवशी शिकवतात हे," असं मी म्हणत होते, आणि 'शिकवतात' या शब्दावर मी अडले.

मी फोन काढला. साइट उघडली. किमान: एक. कमाल: शंभर. मी दर वेळी शंभराचे बारा केले होते. एकाला कधी हातच लावला नव्हता.

त्या मुलीला वाटलं मला चक्कर आली. तिने पाणी आणलं. मी तिची माफी मागितली, अर्धी रजा टाकली आणि बाहेर पडून मिळेल त्या ऑटोत बसले. रस्ताभर मला रडू येत होतं आणि स्वतःचा संताप येत होता. सहा वर्षं जी एक चूक पकडण्याचा मी पगार घेतला, तीच मी नोटीस बोर्डावर लावून ठेवली होती. आणि वर त्या बाईला संभाव्यता शिकवली होती.

मामी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून वाती वळत बसल्या होत्या. मी समोर उभी राहूनच सगळं सांगितलं. त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं: यादीत तुम्ही शून्य, आणि मशीनला मी सांगितलं एकापासून बारापर्यंत. तुमचा आकडा त्याच्या पोटात नव्हताच.

मामींचे हात थांबले. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "पेटीत माझ्या नावाचं पत्रच टाकिटलं नव्हतं."

"नव्हतं, मामी."

"मग येणार कोठून?"

"कुठूनच नाही."

"म्हणजे ते रुसले नाहीत?"

"नाही मामी. माझी चूक होती. फक्त माझी."

मला वाटलं आता त्या रडतील. त्या भडकल्या. "अय्यो! महिनाभर मी त्या झाडापुढे हात जोडून! डास चावून पाय सुजले माझे! अस्कं तुझ्या एका शून्यापायी? आणि शिकवीत होतीस मला, पायरीवर बसून!" पोस्टातल्या नोकरीत त्यांनी शिपायांना कसं वागवलं असेल याची मला त्या दिवशी कल्पना आली. मी मान खाली घालून ऐकलं. मला बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. मग त्या उठून आत गेल्या आणि दोन पेल्यांत कॉफी घेऊन आल्या, म्हणजे राग संपला.

मी म्हणाले, आजच ग्रुपवर कबुली देते आणि उरलेल्या कैऱ्या सगळ्या तुमच्या असं लिहिते. त्यांनी साफ नकार दिला. "दया म्हणून नको. पत्र टाक बरोबर. आलं तर आलं."

झाडावर एव्हाना सातच कैऱ्या उरल्या होत्या, अगदी शेंड्याला. म्हणजे एकच पाळी बाकी होती.

ग्रुपवर मी कबुली लिहिली आणि तासभर शिव्या खाल्ल्या. सारांनी निवेदन काढलं की अशा परिस्थितीत शेवटचा आकडा सर्वांसमक्ष, पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी नऊ वाजता काढला जावा. बाल्कनीवाल्यांनी इडल्यांचा डबा परत मागितला. मामींच्या माफीबद्दल मी ग्रुपवर अवाक्षर लिहिलं नव्हतं, पण रूममेटच्या पोटात काही राहत नाही. रविवारपर्यंत तिन्ही मजल्यांना सगळं कळलेलं होतं.

शनिवारी मी ठरवलं की लबाडी करायची. पूर्ण विचार करून, शांत डोक्याने. तेरातला एकच आकडा हवा, तो आपणहून येईल याची मी वाट पाहणार नव्हते. टी. नगरला साडीसाठी अकरा वेळा दाबलं होतं, इथे शंभर वेळा दाबीन. अडचण एकच, लोकांना दिसता कामा नये. आयुष्यातला हा माझा पहिला निर्णय, जो मी बटण न दाबता घेतला.

रविवारी नऊला सगळी बिल्डिंग खाली होती. लहान मुलं, सारांच्या हातात छत्री, वॉचमन जाळीची काठी घेऊन तयार. मामी नेहमीच्या खुर्चीवर, इस्त्रीची सुती साडी नेसून. मी सर्वांना दाखवून किमानच्या चौकटीत शून्य लिहिलं आणि कमालमध्ये बारा. सारांनी चष्मा काढून, घालून, दोन्ही आकडे वाचले आणि मान डोलावली. मग मी म्हणाले, "उन्हात स्क्रीन दिसत नाहीये," आणि झाडाच्या सावलीत जाऊन सगळ्यांकडे पाठ केली. हे रिहर्सल करून ठेवलेलं होतं.

बटण दाबलं.

शून्य.

पहिल्याच वेळी. मी बघत राहिले. दुसऱ्यांदा दाबायला उचललेला अंगठा तसाच वर राहिला. मी फोन जवळ नेला, लांब नेला. गोल, मोठं, हिरवं शून्य. किती वेळ गेला ते मला कळलं नाही. पण माझ्यामागे उभ्या असलेल्या लोकांना कळलं. त्यांना एवढंच दिसत होतं की ही मुलगी पाठ करून, फोनवर वाकून, बराच वेळ काहीतरी करते आहे.

मी वळले आणि म्हणाले, "शून्य."

मला वाटलं सार हरकत घेतील. बाल्कनीवाले घेतील. ज्या माणसांनी एका कैरीसाठी पहाटेची झोप मोडली होती, ग्रुपवर एकमेकांची अब्रू काढली होती, त्यांच्यातलं एकही माणूस बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघून गालात हसत होते. मग सारांनी छत्री काखेत धरली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळ्यांनीच वाजवल्या. वर जाताना सार माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "किती वेळा दाबलंस?"

"एकदाच, सार. खरंच."

"व्हेरी गुड," ते म्हणाले आणि मला डोळा मारला. सत्तरीच्या त्या माणसाने.

रूममेटलाही मी देवाशपथ सांगितलं. "हो का," म्हणाली ती, "साइट आज लवकर गरम झाली वाटतं."

दुपारी मी मामींकडे गेले. सात कैऱ्या परातीत धुऊन ठेवलेल्या होत्या. एक बाजूला काढून त्यांनी तिला कुंकू लावलं होतं, ती श्राद्धाची. मामींनी मला खाली बसवलं आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "किती वेळा गे?"

"एकदाच, मामी." माझा आवाज रडवेला झाला. आता यांनीही डोळा मारला तर मी काय करणार होते?

मामी बघत राहिल्या. पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्यांनी आयुष्यभर माणसांची तोंडं वाचली होती.

"सरि," त्या म्हणाल्या. "एकदाच." आणि थोडं थांबून, "पण आला नसता तर?"

"पुन्हा दाबलं असतं."

"मग आला नसता तर?"

"पुन्हा."

"किती वेळा?"

"येईपर्यंत, मामी."

विळी ओढून त्यांनी एक कैरी उभी चिरली, फोडींना मीठ लावलं, वरून तिखट भुरभुरवलं. पहिली फोड माझ्यापुढे धरली. मी घेतली. दुसरी फोड हातात घेऊन त्या खिडकीकडे बघत बसल्या. त्या घरात वर्षभरात कोणी कैरी चिरली नव्हती. मग त्यांनी ती फोड स्वतःच्या तोंडात टाकली, आंबटपणाने दोन्ही डोळे घट्ट मिटले, आणि ते बराच वेळ उघडले नाहीत.